नाव ठेवणारे काका

नाटकाला नावं ठेवणारी माणसं आपल्याकडे रगड आहेत. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत उभं राहिलं की ती आपोआप ऐकू येतात. पहिला अंक लांबला, नायिकेचा आवाज मागे पोचत नाही, एसी फार आहे, वडा गार आहे. आमच्या सोसायटीतले काका ह्या जातीतले नव्हेत. ते नाटकाला नावं ठेवत नाहीत, नाटकातल्या प्रत्येक वाक्याला नाव ठेवतात. फरक एका अनुस्वाराचा आहे, पण शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्याला तो अडीच तास पुरतो.

रंगमंचावर नायक नायिकेला म्हणतो, "सुलभा, एक सांगायचं होतं." सगळं नाट्यगृह श्वास रोखतं. त्या शांततेत आमच्या रांगेतून आवाज येतो, "अडखळता प्रारंभ. व्याख्या : जे सांगायचं ते सोडून सांगायचंय एवढंच सांगणे. ह्यानंतर दारावरची बेल वाजते." आणि बेल वाजते. पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळून पाहतात. काका त्यांना नम्रपणे नमस्कार करतात. त्यांना वाटतं, बाईंना उदाहरण आवडलं.

असे काका डोंबिवलीत आहेत तसे ठाण्यात, सांगलीत, नागपुरात, पणजीतही आहेत. वय साठीच्या पुढचं. खिशात छोटी वही. सोबत सोसणारी बायको. बोलण्याचा क्रम ठरलेला : नाव, मग व्याख्या, मग उदाहरण, आणि कोणी अडवलं नाही तर अपवाद. आमच्या काकांचा नमुना अस्सल, कारण त्यांना हे नोकरीतून लागलं. त्यांनी उमर काढली रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये. आगगाडी रात्रभर धावायची आणि हे टपालाच्या डब्यात खणांसमोर उभे राहून पत्रं लावायचे. पाकिटावर नजर टाकायची की हात बरोबर खणाकडे जायचा. निवृत्त झाल्यावर हाताला पत्रं राहिली नाहीत. खण राहिले.

ह्या छंदामागे सरकारी आधार असल्याचंही ते सांगतात. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याची योजना करणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि नाटककार. "बघ," काका म्हणतात, "देशातल्या पत्त्यांची वर्गवारी ज्याने केली तो नाटकं लिहीत होता. म्हणजे नाटक आणि वर्गवारी ह्यांचं नातं खात्याला मान्य आहे." मग त्यांनी संवादांतल्या युक्त्यांनाही सहा आकडी क्रमांक द्यायला घेतले. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून जिल्ह्याचे, शेवटचे तीन त्या युक्तीच्या घराचे. जी युक्ती कुठेच बसत नाही ती वहीच्या शेवटच्या पानावर जाते. त्या पानाचं शीर्षक आहे 'आर.एल.ओ.', म्हणजे रिटर्न्ड लेटर ऑफिस. पत्ता न लागलेली पत्रं तिथे जात, तशी काकांची प्रायोगिक नाटकं तिथे जातात.

वहीचं पहिलं पान 'फडकेप्रवेशा'चं. पडदा वर जातो. श्रीमंत दिवाणखाना. गडी फडक्याने टेलिफोन पुसतोय आणि खुर्च्यांना सांगतोय, "साहेब दौऱ्यावर, बाईसाहेब महिला मंडळात, ताईंचं लग्न परवावर आलंय आणि धाकटे दादासाहेब पाच वर्षांनी आज विलायतेहून यायचेत. माझा आपला जीव टांगणीला!" व्याख्या : निर्जीव वस्तूंना कौटुंबिक माहिती पुरवणे. ना. सी. फडक्यांचा ह्याच्याशी संबंध नाही, अशी तळटीप काकांनी घातली आहे. 'प्रतिभासाधन' लिहून ज्यांनी मराठीत कथेच्या तंत्राची शिस्तीत चर्चा केली त्यांच्यावर असा आळ यायला नको, ही त्यांची काळजी.

ह्या प्रवेशाची वंशावळ काका थेट संस्कृत नाटकापर्यंत नेतात. तिथे दोन अंकांच्या मध्ये घडून गेलेलं आणि घडायचं असलेलं दुय्यम पात्रांकडून कळवायची सोय होती. पात्रं जरा बऱ्या घरची असली तर तो विष्कंभक, नोकरचाकर असले आणि प्राकृतात बोलले तर प्रवेशक. 'शाकुंतला'त सहाव्या अंकाआधी कोळी आणि शिपाई येतात तो प्रवेशक. माशाच्या पोटात अंगठी सापडली, एवढीच बातमी प्रेक्षकाला द्यायची आहे. "पण कालिदास काय करतो?" काका विचारतात आणि आपण उत्तर देण्याआधी सांगतात, "कोळ्याला चोर ठरवतो, शिपायांकडून ठोकून काढतो, सुळाची भीती घालतो, शेवटी बक्षीस देतो आणि मग सगळ्यांना मिळून दारू प्यायला पाठवतो. बातमी पोचते ती मारामारीच्या आडून. आमचा गडी नुसतंच फडकं मारतो." हे बोलणं इतकं बरोबर असतं की चिडायलाही जागा उरत नाही. काकांबद्दलची ही खरी तक्रार आहे. ते चुकत नाहीत.

दुसरं पान 'ठाऊकपुराणा'चं. धाकटा भाऊ थोरल्याला म्हणतो, "दादा, तुला ठाऊकच आहे, बाबांना जाऊन पंधरा वर्षं झाली आणि तेव्हापासून माझ्या शिक्षणापायी तू लग्न केलं नाहीस." व्याख्या : दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट एकाने दुसऱ्याला, तिकीट काढून बसलेल्या तिसऱ्यासाठी सांगणे. काकांचं भाष्य : "दादाला हे ठाऊक नसेल तर त्याला आधी डॉक्टरकडे न्या." इंग्रजीत लेखनाच्या कार्यशाळांतून ह्याच खोडीला 'अ‍ॅज यू नो, बॉब' म्हणतात, हे नातवाने सांगितल्यापासून काकांना त्या बॉबविषयी अपार करुणा वाटते. सगळं ठाऊक असलेला माणूस, आणि उठसूट सगळे त्यालाच सांगत सुटलेत.

रोगावर औषधही ते सांगतात. पहिलं औषध, अनोळखी माणूस आणा. नवी सून, नवा भाडेकरू, शेरलॉक होम्सच्या शेजारचा डॉक्टर वॉटसन. त्याला ठाऊक नाही, म्हणून त्याला सांगता येतं. दुसरं औषध जालीम : पात्रांचं भांडण लावा. शांतपणे कोणी कोणाला ठाऊक गोष्ट सांगत नाही, पण भांडणात माणसं एकमेकांना ठाऊक असलेलंच तारीखवार सांगतात. काका हे समजावत होते तेव्हा काकू कणीक मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या वसंताच्या लग्नात जिलबी उशिरा वाढली म्हणून तुम्ही पानावरून उठला होतात, आणि माझ्या आईने त्या दिवशी अन्न घेतलं नाही, तसंच ना?"

काकांनी वही उघडली. "उत्तम उदाहरण," ते म्हणाले आणि लिहून घेतलं.

तिसऱ्या पानावर टेलिफोन. पात्र एकटंच आहे, पलीकडचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून ते घोकतं : "हॅलो, कोण? आत्या? काय म्हणतेस? निघालीस? आजच? सामानासकट? कायमची?" काका खुर्चीत सरसावून बसतात. हे त्यांचं लाडकं अपत्य. "आकाशभाषित! ग्रॅहॅम बेलने टेलिफोनचं पेटंट घेतलं १८७६ साली. आमच्या नटाला त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून कनेक्शन होतं." आणि ते खरं आहे. संस्कृतात भाण नावाचा एकपात्री प्रकार होता. त्यातला विट रस्त्याने चालतो, न दिसणाऱ्या माणसांशी बोलतो आणि "काय म्हणतोस?" असं विचारून त्यांची उत्तरं स्वतःच म्हणून दाखवतो. टेलिफोनने फक्त हातात धरायला एक वस्तू दिली. मोबाइल आल्यावर रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस भाण करत चाललाय, असं काकांचं मत आहे आणि ते मोजायला ते संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बसतात.

जनान्तिकाने मात्र घरात प्रश्न निर्माण केला. जनान्तिक म्हणजे रंगमंचावर चार माणसं असताना दोघांनीच आपसांत बोलणं. प्रेक्षकांना ऐकू येतं, उरलेल्या पात्रांना येत नाही. त्याची खूण म्हणून नटाने हाताची त्रिपताक मुद्रा करून आड धरायची : अनामिका दुमडलेली, बाकी बोटं ताठ. शास्त्रात तसं सांगितलं आहे. एकदा काकांकडे चहाला गेलो. काकांनी पहिला घोट घेतला, अनामिका दुमडली, हात आडवा धरला आणि मला म्हणाले, "आज आलं जास्त झालंय."

"ऐकू येतंय मला," काकू समोरूनच म्हणाल्या.

"तुला यायला नको," काका दुखावून म्हणाले. "मी त्रिपताक धरलाय."

"मग उद्यापासून चहासुद्धा तोच करेल."

ह्याहून मोठा अनर्थ गंडाने केला. एक पात्र काहीतरी बोलत असतं, आणि भलत्याच कामासाठी आत आलेल्या दुसऱ्याचं वाक्य पहिल्याच्या वाक्याला असं जाऊन चिकटतं की पुढचं भविष्य उघडं पडतं. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात सीता रामाच्या हातावर डोकं ठेवून झोपली आहे. हिचं सगळं मला प्रिय, फक्त विरह तेवढा सोसणार नाही, अशा अर्थाचं राम बोलतो. त्याच क्षणी प्रतिहारी येऊन सांगते, महाराज, आला आहे. कोण? तर दुर्मुख नावाचा हेर. पण प्रेक्षकाच्या कानावर 'विरह' आणि 'आला आहे' हे एकामागोमाग पडलेलं असतं. दुर्मुखाने आणलेल्या लोकापवादापायीच पुढे सीतेचा त्याग होतो. दशरूपकाच्या परंपरेत ह्याला गंड म्हणतात. युक्ती थरारक आहे ह्यात वाद नाही. पण व्याही पहिल्यांदाच घरी यायचे होते. काकू म्हणाल्या, "एकदाची पीडा टळली, झुरळांचं औषध मारून झालं." नेमकं त्याच क्षणी दार लोटून व्याही म्हणाले, "आलो आहोत बरं का!" काका आनंदाने ओरडले, "गंड! गंड! अहो, तुमच्यात केवढा गंड आहे!" व्याही शांत गृहस्थ. त्यांनी पुढचा तासभर आपल्याला कसला न्यूनगंड नाही हे पटवण्यात घालवला.

परदेशी युक्त्यांनाही काकांच्या वहीत जागा आहे. चेखवने १८८९ साली एका लेखकमित्राला पत्रात बजावलं होतं, की कोणी झाडणार नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर आणू नये. हे 'चेखवची बंदूक' म्हणून जगभर झालं. काका त्याचं उदाहरण 'शोले'तून देतात : जयच्या हातातलं नाणं. ते पहिल्यांदा उडवलं जातं तेव्हा आपण नुसतं पाहतो, शेवटी त्याच्या दोन्ही बाजू सारख्या निघतात तेव्हा गोळी लागते. पण खरी गंमत ते चेखवचीच सांगतात. 'अंकल वान्या'मध्ये वान्या मेव्हण्यावर दोनदा गोळी झाडतो आणि दोन्ही वेळा नेम चुकतो. पुढे 'चेरी ऑर्चर्ड'मध्ये तर बंदूक येते, पिस्तूल येतं आणि काहीच उडत नाही. "नियम ज्याने केला," काका म्हणतात, "त्याला तो मोडायची परवानगी असते. बाकीच्यांनी अर्ज करावा."

आणि मॅकगफिन. ही संज्ञा काकांना सगळ्यांत प्यारी, कारण तिची व्याख्याच एका बनावट संवादात दिली गेली. हिचकॉक ती गोष्ट सांगत असे, पुढे त्रुफोने घेतलेल्या मुलाखतीच्या पुस्तकातही ती आली. आगगाडीत दोन माणसं. एक विचारतो, वर ठेवलेलं ते पार्सल कसलं? दुसरा म्हणतो, तो मॅकगफिन. मॅकगफिन म्हणजे? स्कॉटलंडच्या डोंगरात सिंह पकडायचं साधन. पण स्कॉटलंडच्या डोंगरात सिंह नसतात! मग तो मॅकगफिन नव्हेच. थोडक्यात, ज्या वस्तूमागे सगळी पात्रं जिवाच्या आकांताने धावतात आणि प्रेक्षकाला जिचं काही देणंघेणं नसतं ती वस्तू. 'नोटोरियस'मध्ये दारूच्या बाटल्यांत लपवलेलं युरेनियम, तसं. आम्ही सगळे हसलो. काका एकटे गंभीर होते. रेल्वे मेल सर्व्हिसचं रक्त उसळलं होतं. "ते सगळं ठीक," ते म्हणाले, "पण त्या पार्सलवर पत्ता काय होता?"

पात्रानेच आपल्या तोंडाने युक्तीचं नाव घेतलं की काकांना ब्रह्मानंदी टाळी लागते. 'स्क्रीम' ह्या १९९६ च्या भयपटात एक पोरगा भर मेजवानीत भयपटात जिवंत राहण्याचे नियम मोजून सांगतो. असल्या वेळी 'जरा जाऊन येतो' म्हणायचं नाही, हा त्यातला एक. तो सिनेमा काकांनी डोळे मिटून पाहिला, पण तेवढा प्रसंग डोळे उघडून. नातवाबरोबर 'द इन्क्रेडिबल्स' पाहिला तेव्हा तर त्यांनी टाळ्याच वाजवल्या. त्यातला खलनायक नायकाला मारायचं सोडून स्वतःची थोरवी सांगत बसतो, आणि मध्येच आपण भाषण करतोय हे त्याच्याच लक्षात येऊन चपापतो. काकांच्या वहीत ह्या युक्तीचं नाव 'खलनायकाचं हरिकीर्तन'. पूर्वरंगात आपलं बालपण, उत्तररंगात आपली योजना, आणि आरतीच्या आत नायकाने हात सोडवून घ्यायचे.

इतकं सगळं येणाऱ्या माणसाला गोष्ट सांगता यावी, अशी आपली भाबडी समजूत. काकांना येत नाही. सोसायटीच्या कोजागिरीला कोणीतरी आग्रह केला, काका, टपालाच्या डब्यातला एखादा किस्सा सांगा. काका उभे राहिले. "एका रात्री इगतपुरीच्या पुढे," ते म्हणाले आणि थांबले. "हा मधूनच प्रारंभ. म्हणजे मागची हकिकत मी नंतर पेरणार. आता मी एका कंदिलाचा उल्लेख करतो. तो पुढे लागणार आहे." मग कंदील का लागणार हे सांगितलं. मग कंदील न लागता गोष्ट कशी झाली असती ते सांगितलं. दुधाची आटवण संपली तरी गाडी इगतपुरीतच होती.

मग काकूंनी तोंड उघडलं. त्यांनी सांगितली ती गोष्ट एका चांदीच्या वाटीची. चिपळूणला नणंदेच्या घरी, मुंजीच्या दिवशी हरवलेली वाटी. संशय प्रथम स्वयंपाकीणबाईंवर, मग एका भाच्यावर, मग खुद्द भटजींवर. प्रत्येकाचा आवाज निराळा काढत काकू पुढे सरकत होत्या. भटजींच्या पिशवीला हात घालायची वेळ आली आणि काकू म्हणाल्या, "थांबा, गॅसवर दूध आहे," आणि आत गेल्या. तीस माणसं गच्चीवर चिडीचूप बसली. काका हळूच म्हणाले, "वाटी हा मॅकगफिन. दूध ही विलंबाची..."

"काका, गप्प बसा!" तीस माणसं एका सुरात म्हणाली.

काकूंना ह्यातल्या एकाही युक्तीचं नाव ठाऊक नाही. श्रावणातल्या कहाण्या आणि माजघरातल्या गप्पा ऐकत त्या वाढल्या. गोष्ट कुठे थांबवायची हे त्यांना हातातल्या मिठासारखं कळतं. काकांना मिठाचं रासायनिक नाव ठाऊक आहे. त्या रात्री गच्चीवर बहुतेकांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं, की हे नामकरण म्हणजे रिकामपणचा उद्योग. त्यानंतर आली पुनर्विकासाची सभा.

आमची इमारत जुनी. गच्ची गळते, खांबांतल्या सळ्या दिसतात. विकासक गाठायचं ठरलं. त्याचा माणूस सभेत आला : गुळगुळीत दाढी, हातात टॅब, जिभेवर साखर. विकासकाचं नाव इथे घेत नाही, तशी जरूरही नाही, ही माणसं सगळीकडे सारखीच बोलतात. पडद्यावर चित्रं दाखवून झाली. कारंजं, पोहण्याचा तलाव, आमच्या कोणाच्याही तोंडवळ्याची नसलेली माणसं. मग तो म्हणाला, "आता आपल्या सगळ्यांना ठाऊकच आहे, की पर्यायी जागेचं भाडं पहिले अठरा महिनेच मिळतं, आणि पार्किंग आपण वेगळं घेतो."

माना डोलल्या. सगळ्यांना ठाऊकच आहे म्हटल्यावर, मला ठाऊक नाही असं कोण म्हणणार?

"ठाऊकपुराण!" मागून आवाज आला. काका उभे होते, हातात वही. "व्याख्या : दोघांना ठाऊक असलेली गोष्ट तिसऱ्यासाठी सांगणे. पण इथे तिसरा कोणी नाही आणि ठाऊक कोणालाच नाही. म्हणजे हा उपप्रकार : नवी अट जुनी म्हणून खपवणे. भाडं अठराच महिने, हे ज्यांना आधी ठाऊक होतं त्यांनी हात वर करावेत." एकही हात वर गेला नाही. सचिवांनी ते इतिवृत्तात लिहिलं.

माणूस मुरलेला होता. हसला, म्हणाला "काका मोठे विनोदी आहेत," आणि इतक्यात त्याने मोबाइल कानाला लावला. "हॅलो, साहेब? काय म्हणता? समोरच्या सोसायटीने सह्या केल्या? सगळ्यांनी? आणि आपली ऑफर आजपुरतीच?" खोलीत चुळबुळ सुरू झाली. पहिल्या मजल्यावरच्यांनी पेनसुद्धा काढलं.

"आकाशभाषित," काका शांतपणे म्हणाले. "पलीकडचं वाक्य परत म्हणून दाखवणे. फोन वाजला नाही, हलला नाही, आणि इथून त्याचा पडदा काळा दिसतोय. भाणात विट हेच करतो. फरक इतकाच, की तो सह्या मागत नाही." माणसाने फोन खिशात ठेवला. साहेबांचा निरोप न घेताच.

शेवटी कराराचा मसुदा फिरवला गेला. पानंच्या पानं. काकांनी चष्मा पुसला आणि मधल्या एका कलमावर बोट ठेवलं : आराखड्यात आवश्यक ते बदल करण्याचा अधिकार विकासकाकडे राहील. "हे कशाला?" त्यांनी विचारलं.

"ते हो असंच, स्टँडर्ड असतं. कोणी वापरत नाही."

"भिंतीवर बंदूक टांगलीय," काका म्हणाले, "आणि तुम्ही म्हणता ती असंच टांगलीय. रशियात एका डॉक्टरने ह्यावर १८८९ सालीच मत दिलंय. वापरणार नसाल तर काढा." त्यांच्या आवाजात जरासाही राग नव्हता. ते नाटकाच्या पहिल्या अंकात बोलतात तसंच बोलत होते : नाव, व्याख्या, उदाहरण. पण त्या दिवशी कोणी त्यांना गप्प बसा म्हणालं नाही. मागच्या रांगेतले लोक पुढे सरकले. पेन खिशात परत गेलं.

त्या सभेत सह्या झाल्या नाहीत. सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांप्रमाणे पुनर्विकासाला निदान ५१ टक्के सभासदांची संमती लागते. त्या संध्याकाळी ती ५१ टक्के माणसं आपापल्या घरी मसुदा वाचत बसली होती. पुढे दुसऱ्या विकासकाशी बोलणी झाली, तेव्हा सगळ्यांनी काकांना मधल्या खुर्चीत बसवलं. त्या विकासकाच्या माणसाने "आपल्याला ठाऊकच आहे" असं एकदाही म्हटलं नाही. त्याच्या कानावर आधीच गेलं असावं.

तेव्हा काकांविषयी माझा निवाडा असा. गोष्ट सांगणाऱ्याला युक्त्यांची नावं ठाऊक नसली तरी चालतं, काकूंना कुठे आहेत. गोष्ट ऐकायला हौसेने बसलेल्या माणसालाही त्यांची गरज नाही, तो तिकीट काढूनच फसायला आलेला असतो. नाव लागतं ते आपण प्रेक्षक आहोत हे ठाऊक नसताना आपल्यासमोर कोणी नाटक करू लागलं की. तिथे पडदा नसतो, घंटा नसते, नांदी नसते. समोरचा गोड बोलतो, काहीतरी खटकतं, आणि काय खटकतंय ते सांगायला शब्द सापडत नाही म्हणून आपण सही करतो. काकांना तो शब्द सापडतो.

तुमच्या सोसायटीत असे कोणी काका असतील तर त्यांना नाटकाचं तिकीट अवश्य काढून द्या, मात्र तुमच्यापासून चार रांगा लांबचं. आणि सर्वसाधारण सभेची नोटीस निघाली की पहिली प्रत त्यांच्या हातात द्या.